मोजणीत न आलेले होले

आमच्या आईच्या मते मी कबुतरांची डॉक्टर आहे. मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे, त्यातही पक्ष्यांची, आणि ज्यांच्यासाठी दर वर्षी मेलबर्नहून विमानं बदलत उत्तरेच्या समुद्रातल्या एका बेटावर जाते ते होले आहेत, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. तिला त्याने काही फरक पडत नाही. "होला काय न् कबुतर काय, एकाच माळेचे मणी," ती म्हणते. "पुण्यात लोक ती येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळ्या लावतात आणि ही बया ती सापडावीत म्हणून जाळ्या लावायला जाते!" बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात राहते. मी बॅग भरायला घेतली की दारात उभी राहून एवढं एकदा ऐकवते आणि मग स्वतःच बॅगेत चिवड्याची पिशवी कोंबते. माझी मुलगी तिच्या खोलीतून "हॅव फन, मम" एवढंच ओरडते. दोघींचा निरोप घेताना मला दर वेळी थोडा राग येतो आणि विमान सुटलं की रडू येतं, असा माझा स्वभाव आहे.

बेट लहान आहे. एका टोकाला थोडी वस्ती आणि छोटी विमानं उतरायची धावपट्टी, बाकी सगळं जंगल. कडेने प्रवाळाचा धारदार खडक. चपलेचे तुकडे होतील असा. मधला भाग उंच, दाट आणि ओलसर, आणि त्या ओलसर पाचोळ्यात आमचा होला चालतो. मुठीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, पंखांवर तांब्याच्या भांड्यासारखी चमक. उडायला त्याला फारसं आवडत नाही, अगदी पायाखाली येऊ लागला तरच फडफडून उठतो. आवाज मात्र खोल, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा. जगात तो फक्त या बेटावर आहे. इथून गेला की गेला.

या होल्यांचं सगळं काम जिच्याकडे होतं तिला मी मनात पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आले. आमच्या शाळेत शिक्षिकांना बाई म्हणायचे, आणि ही अगदी तशीच होती. साठी उलटलेली, उंच, उन्हाने रापलेली, केस स्वतःच कात्रीने कापलेले. तोंडावर मी तिला नावाने हाक मारायचे, कारण ऑस्ट्रेलियात तसंच करतात. पण थोरल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते. म्हणून इथे मी बाईच म्हणणार आहे, आणि आदरानेच लिहिणार आहे.

पहिल्या वर्षी मी नवाकोरा रेनकोट घालून त्यांच्याबरोबर जंगलात गेले होते. मोजणीची पद्धत सोपी होती. आखलेल्या वाटेने चालायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, कान द्यायचे आणि जेवढे होले बोलतील तेवढे टिपायचे. हा पक्षी दिसत नाहीच, तो ऐकायचा असतो. पहिल्याच थांब्यावर बाई मला म्हणाल्या, "तो कोट काढ. त्यात तू कुरकुऱ्यांच्या पाकिटासारखी वाजतेस." पाऊस पडत होता. मी कोट काढला आणि भिजत उभी राहिले. बाई डोळे मिटून, तोंड जरासं उघडं ठेवून उभ्या होत्या. मला पानांवरच्या थेंबांखेरीज काहीही ऐकू येत नव्हतं आणि त्यांनी बोट वर केलं, मग डावीकडे दाखवलं, मग आणखी एक. लांबचा आणि जवळचा, तरुण आणि जुना, सगळे त्यांना नुसत्या कानाने कळत. मला वाटलं, ही बाई थापा मारते. दुसऱ्या वर्षी मलाही थोडं ऐकू यायला लागलं आणि तेव्हा मी मनातल्या मनात कान धरले.

बाईंचा एक जुना घाव होता. तो त्यांनी मला एकदाच सांगितला, भांडी घासता घासता. याच बेटावर पूर्वी एक लहानसा गाणारा पक्षी होता. बाई तरुण होत्या तेव्हा तो दर वर्षी मोजायच्या, दर वर्षी तो कमी भरायचा. उरलेले पकडून सुरक्षित जागी न्यावेत असं त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की अजून एक वर्ष मोजा, खात्री करा. खात्री करण्यात काही वर्षं गेली. शेवटी परवानगी आली, जाळ्या आल्या, पिंजरे आले, माणसं आली, आणि जंगलात एकच पक्षी गात होता. तो काही दिवस गायला. मग तोही नाही. बाईंनी भांडं पालथं घातलं आणि म्हणाल्या, "आम्ही शेवटपर्यंत अगदी नीट मोजत होतो." त्यानंतर कुणी 'थांबून बघू' म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंचं उलट झालं होतं. थांबण्याने त्यांचं तोंड पोळलं होतं, म्हणून त्या आता कशालाच थांबायला तयार नव्हत्या.

होल्यांच्या जिवावर उंदीर उठले होते. कधीकाळी जहाजांबरोबर आलेले, अंडी खाणारे, पिल्लं खाणारे. उपाय ठरलेला होता. मोजणीत होले फारच कमी भरले, तर सापडतील तेवढे पकडायचे, मुख्य भूमीवर मोठ्या पिंजऱ्यांत सांभाळायचे, बेटावरचे उंदीर संपवायचे आणि मग होले परत आणून सोडायचे. पकडलेला प्रत्येक पक्षी प्रवासाआधी तपासायचा, हे माझं काम. ही गोष्ट घडली त्या वर्षी मी वेळेवर पोचणार होते, पण वादळामुळे छोटी विमानं बंद झाली आणि मी उत्तरेकडच्या एका गावात मोटेलमध्ये अडकले. रोज सकाळी बॅग उचलून विमानतळावर जायचं आणि रोज परत यायचं. बाईंशी फोनवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं. त्यांचा आवाज उतरलेला होता.

"मोजणी संपली," त्या म्हणाल्या. "जंगल गप्प आहे. जिथे सात-आठ ऐकायची सवय तिथे एखादा. काही वाटांवर एकही नाही."

"मी येईपर्यंत थांबता का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्या घाटांत बोर्ड असतात, 'अति घाई संकटात नेई'. एरवी मी हे त्यांना भाषांतर करून चिडवलं असतं. त्या दिवशी मला त्यांची भीती समजत होती. मी असते तरी जाळ्या लावू नका म्हणाले नसते, हे आज प्रामाणिकपणे लिहिते.

विमान सुरू झालं त्याच दिवशी दुपारी मी तळावर पोचले. तळ म्हणजे जंगलाच्या कडेला एक पत्र्याची शेड, दोन-तीन तंबू आणि एक गॅसची शेगडी. शेगडीपाशी आमचा स्वयंसेवक होता, आयुष्यभर व्हिक्टोरियातल्या एका खेड्यात टपाल वाटून निवृत्त झालेला, लालबुंद चेहऱ्याचा आणि कमालीचा उत्साही माणूस. मला बघताच तो हसला. "मेट, नशीब बघ! मोजणीत काहीच नव्हतं, पण जाळ्यांत येतायत! पहिल्या दिवसापासून येतायत. शेड भरलीय."

मी बॅग खाली ठेवली. "मोजणीत नव्हते आणि जाळ्यांत आहेत?"

"बाकी राहिलेले बहुतेक सगळे मिळाले बघ आपल्याला," तो म्हणाला. "आणि काय तब्येती! प्रत्येकाच्या गळ्याची पिशवी टच्च. पोटभर खाल्लेली पाखरं."

मी हात धुवून शेडमध्ये गेले. आत अंधार ठेवला होता, पक्षी घाबरू नयेत म्हणून. कापडी पडद्यांमागे खुराड्यांत हालचाल होती. मी पहिला होला हातात घेतला, डोकं दोन बोटांमध्ये, पाठ तळव्यावर. होल्याच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते. दाण्यांनी भरलेली असली तर बोटाला खडे लागल्यासारखं लागतं. ही मऊ होती. जाड, मऊ आणि भरलेली. मी बोटाने थोडा दाब दिला आणि चोचीच्या कोपऱ्यात पांढरं आलं. आंबट वासाचं, दाटसर, श्रीखंडासाठी बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखं.

होल्यांच्या कुळात आई-बाप दोघांनाही दूध येतं. लोकांना हे सांगितलं की हसतात, पण खरं आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या सुमारास त्या गळ्यातल्या पिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्यातून हे दह्यासारखं दूध सुटतं. पहिले काही दिवस पिल्लं फक्त त्यावर जगतात. आई-बापाच्या तोंडात चोच घालून पितात. दुसरं काही त्यांना चालत नाही.

मी दुसरा पक्षी घेतला. तिसरा घेतला. मग मला पुढचा घ्यायची हिंमत होईना. जंगलातले होले संपलेले नव्हते. पाऊस त्या वर्षी लवकर झाला होता, बिया लवकर धरल्या होत्या आणि होल्यांनी नेहमीच्या मोसमाआधी घरटी केली होती. अंड्यांवर आणि पिल्लांवर बसलेला होला बोलत नाही. बोलला तर उंदराला पत्ता कळेल. ते सगळे तिथेच होते, आपापल्या पिल्लांवर गप्प बसलेले. आणि पाण्यावर जाताना जाळीत सापडले होते.

बाई जाळ्या गुंडाळून परत येत होत्या. मी त्यांना हाक मारली. मारू नये असं एक क्षण फार वाटलं. त्या आत आल्या, मी त्यांचं बोट धरून त्या पक्ष्याच्या गळ्याला लावलं. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ते पांढरं बोटावर घेतलं, बघितलं, आणि पॅन्टला पुसलं नाही. तसंच बोट धरून उभ्या राहिल्या.

"पिल्लं केवढी असतील?" त्यांनी विचारलं.

"लहान. दूध अजून घट्ट आहे."

"पहिले पक्षी परवा पकडलेत," त्या म्हणाल्या.

मग त्या पळाल्या. त्या वयाची बाई पळताना मी पूर्वी पाहिली नव्हती. प्रत्येक खुराड्यावर कुठल्या जाळीतला पक्षी ते लिहिलेलं होतं. आम्ही पक्षी कापडी पिशव्यांत घातले, पिशव्या गळ्यात अडकवल्या आणि तिघं तीन वाटांना लागलो. जिथला होला तिथे सोडायचा. माझ्या हातातून सुटलेला पहिला होला आधी जमिनीवर बसला, मान हलवली, आणि मग चालत न जाता थेट उडत गेला. उडण्याची आवड नसलेला पक्षी. माझ्या गळ्यात आणखी पिशव्या होत्या आणि त्या सगळ्या छातीशी ऊबदार लागत होत्या. मी मराठीत बडबडत होते, जा बाबा, जा, लवकर जा.

संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरटी शोधू लागलो, उरलेली काही वाचवता येतील म्हणून. होल्याचं घरटं म्हणजे फार गबाळं काम. फांदीच्या बेचक्यात दहा-पाच काटक्या आडव्यातिडव्या टाकलेल्या, खालून बघितलं तर आकाश दिसावं. पहिल्या घरट्यात दोन पिल्लं होती, दोन्ही मेलेली, आणि मुंग्या लागलेल्या. दुसऱ्यात तेच. एका घरट्यावर मात्र मादी परत आली होती. आम्हाला आनंद झाला. बाईंनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग माझ्याकडे दिली. मादी बसली होती, नीट, पंख जरासे पसरून, आणि तिच्या पोटाखालून एक मान बाहेर लोंबत होती. मधूनच ती उठायची, वाकून चोच पुढे करायची आणि परत बसायची. बाई म्हणाल्या, "मी जाऊन ती पिल्लं काढते." मी त्यांचा दंड धरला. काढून काय होणार होतं? आम्ही तिथून निघालो तेव्हाही ती बसलेलीच होती.

काही घरटी वाचली. उशिरा सापडलेल्या पक्ष्यांची पिल्लं तग धरून होती, आई-बाप परत आले आणि त्यांनी पुन्हा दूध पाजायला सुरुवात केली. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर सगळं विपरीतच झालं असं वाटेल. पण बहुतेक घरटी गेली.

एका घरट्यात एक पिल्लू मेलेलं आणि दुसरं जिवंत सापडलं. आई-बापांचा पत्ता नव्हता. ते मी तळावर आणलं. डोळे मिटलेले, अंगावर पिवळे विरळ केस, आणि चेहऱ्याच्या मानाने भलीमोठी चोच. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बोंडल्याने दूध पाजायचे, चांदीच्या छोट्या चोचीच्या भांड्याने. माझ्या मुलीला मी अशीच पाजली आहे, नर्सने नाक मुरडलं तरी. इथे सगळं उलट होतं. पिल्लालाच चोच आत घालायची असते. मी रबरी हातमोज्याचं बोट कापलं, त्याला भोक पाडलं, आत पातळ केलेलं खाद्य भरलं आणि त्याच्या चोचीशी धरलं. ते अंधारात चाचपडावं तसं करत करत आत शिरलं आणि प्यायलं. टपालवाला माझ्याशेजारी बसून श्वास रोखून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच्यावर चिडायचं होतं, 'टच्च पिशव्या' म्हणून आनंदाने नाचल्याबद्दल, पण त्याला कुठून माहीत असणार? तीन दिवस मी ते पिल्लू शर्टाच्या आत ठेवून हिंडले. मग एका सकाळी ते प्यायलं नाही. दुपारी गेलं. बाई विचारायला आल्या, मी मान हलवली आणि त्या परत गेल्या.

त्याच दिवशी जेवायच्या वेळी, अजून उजेड होता तेव्हा, तळाच्या मागच्या झाडीत एक होला बोलला. कितीतरी दिवसांनी. आम्ही तिघंही हातातलं थांबवून बसलो. तो ताण टपालवाल्याला सोसेना. त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे लोक काय म्हणतात गं? हा काय बोलतो म्हणतात?"

मी मुळात बोलघेवडी. शांतता मलाही चावते. मी लगेच म्हणाले, आमच्याकडे तो म्हणतो, 'ऊठ पोरी, पोहे पुरे.' आणि मी ती गोष्ट सांगायला लागले, आईने मला जेवू घालताना सांगितलेली. एक बाई होती. तिने मापाने मोजून पोहे उन्हात घातले आणि मुलीला सांगितलं, राखत बस. आता पोहे म्हणजे काय, हेही मी तपशिलात सांगितलं. संध्याकाळी बाईने पोहे परत मापले. कमी भरले. बाई म्हणाली, तू खाल्लेस. मुलगी म्हणाली, नाही आई, मी एक दाणा तोंडात टाकला नाही. बाईला राग आला, तिने मुसळ उचललं...

आणि इथे मी थांबले. मी काय सांगते आहे ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली गोष्ट, तिचा अर्थ काय असतो ते कोण बघतं? मी म्हणाले, "पुढचं मला नीट आठवत नाही."

"आठवतंय तुला," बाई म्हणाल्या. "संपव."

मी संपवली. मुलगी गेली. पहाटे दव पडलं, उन्हाने सुकून आकसलेले पोहे ओलाव्याने पुन्हा फुगले. बाईने परत मापले तेव्हा माप काठोकाठ भरलं. तेव्हापासून ती होला होऊन रानात ओरडत हिंडते. ऊठ पोरी, पोहे पुरे.

टपालवाला पातेल्यात बघत बसला. बाईंनी विचारलं, "म्हणजे कमी काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"तिने चुकीच्या वेळी मोजलं."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग पुढे त्या बाईचं काय होतं?" त्यांनी विचारलं. अगदी खरं कुतूहल असल्यासारखं. मी म्हटलं, आईला विचारून सांगते.

बेटावर फोन फक्त वस्तीजवळच्या एका चढावर लागायचा. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन मी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी मला अपेक्षित होतं तेच मिळालं.

"अगं, असली गोष्ट अशा वेळी सांगतात? तुझ्या तोंडाला कुलूप म्हणून नाही कधी."

"आई, पुढे काय होतं ते सांग ना."

"पुढे काय व्हायचंय? गोष्ट संपली. ओरडत बसते बिचारी." मागे आमच्या घरचा डिशवॉशर चालू असल्याचा आवाज येत होता. "एक सांगू का," ती म्हणाली. "त्या बाईचे पोहे त्याआधी कधीतरी खरंच कमी भरले असणार. खरंच कुणीतरी नेले असणार. त्याशिवाय पोटच्या पोरीवर कुणी मुसळ उचलतं का?"

बाईंच्या त्या जुन्या, गाणाऱ्या पक्ष्याबद्दल मी आईला कधी काही सांगितलं नव्हतं. मी फोन धरून तिथेच चढावर बसले आणि मोठ्याने रडले. आई म्हणत राहिली, "अगं, काय झालं? ए, काय झालं?"

मी परत येऊन बाईंना तसंच्या तसं सांगितलं, आई म्हणते म्हणून. त्या जाळीचे बांबू पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, "थँक युअर मम," म्हणाल्या आणि बांबू पुसत राहिल्या. पुसून झालेला बांबू त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

झालं ते बाईंनी स्वतः वर कळवलं, एकही शब्द न लपवता. कुणी त्यांना दोष दिला नाही. उपलब्ध माहितीवर घेतलेला योग्य निर्णय होता, असंच सगळे म्हणाले, आणि एका अर्थी ते खोटंही नव्हतं. पण मला वाटतं, कुणी चांगलं झापलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. दोष न देता सोडलेला माणूस स्वतःच स्वतःच्या मागे लागतो. मुख्य भूमीवरच्या सभेत मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या बारीक झाल्या होत्या. कॉफी घेताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची मोजणी तूच घे." मी म्हटलं, तुम्ही याल तर मी येते. असं दोघींचंही नाइलाजाने ठरलं.

पुढच्या वर्षी आम्ही मोसम नीट बघून गेलो. आधी पाऊस, मग बिया, मग घरटी होऊन गेल्यावर होले पुन्हा बोलू लागतात तेव्हा. या वेळी प्रत्येक थांब्यावर आवाज टिपणारी यंत्रंही बांधली होती, म्हणजे माणसाच्या कानावर सगळा भार नको. टपालवालाही आला होता, मागच्यापेक्षा पुष्कळ गप्प. आणि मोजणी खरंच कमी भरत गेली. वाटेमागून वाट. या वेळी कुणी कुठे पिल्लांवर गप्प बसलेलं नव्हतं. गेल्या वर्षीची पिल्लं या वर्षी बोलायला हवी होती, ती नव्हती. काही जुने पक्षीही नव्हते. मागची चुकलेली मोजणी या वर्षी जवळपास खरी झाली होती. बाईंना ते माझ्याआधी कळलं असणार. आता होले पकडून न्यायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा पुढ्यात उभा होता, आणि उत्तर बाईंनी द्यायचं होतं.

शेवटची वाट कड्याच्या अंगाने जाते. सकाळ होती, वारा पडलेला. एका थांब्यावर आम्ही उभ्या राहिलो आणि अगदी जवळून, समोरच्या झुडपातून, एक होला बोलला. इतका स्पष्ट की गप्पा मारत चालणाऱ्या माणसालाही कळावं. मी बाईंकडे बघितलं. पूर्वी त्या माझ्याआधी बोट वर करायच्या. आता त्या पेन्सिल हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बोलला का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"बोलला."

"नक्की?"

"नक्की. समोरच आहे."

तरी त्यांनी पेन्सिल टेकवली नाही. तो पुन्हा बोलेपर्यंत थांबल्या. तो पुन्हा बोलला. मला वाटलं, आता त्या चिडतील, मला कान तपासून घे म्हणतील, काहीतरी बोलतील. त्या हळूच म्हणाल्या, "मला ऐकू येतं आहे. पण तो खरंच तिथे आहे म्हणून येतं आहे का, ते आता तू सांगायचं."

मी "आहे" म्हणाले. मग त्यांनी टिपलं. त्या वाटेवर पुढे जेवढे होले बोलले तेवढ्या वेळा मला हे म्हणावं लागलं. फार वेळा म्हणावं लागलं नाही.